धावेवरचे सहा शब्द

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत शिरताना पायताण कुंपणाबाहेर काढून ठेवण्याची रीत होती. वेलीला जोड्याची धूळ सोसत नाही, असे तिथली माणसे सांगत, आणि मळ्याला देवळाचा मान देत. माणिकबाईच्या मळ्याच्या तोंडाशी एक चपटा दगड होता. त्याच्याजवळ जोडे उतरवले, की चार पावलांत ऊन संपे. आत शेवरी आणि पांगाऱ्याच्या उंच ओळींवर चढलेल्या वेलींनी भरदुपारीही हिरवट काळोख धरून ठेवलेला असे. त्या काळोखात आवाज जपून निघत आणि पाटाचे पाणी अंगावरून शाल सरकावी तसे सरकत जाई. माणिकबाईचे अर्धे आयुष्य या उजेडात गेले होते. बाहेरच्या उन्हात आली, की ती क्षणभर डोळे मिटून उभी राही, आणि लोकांना वाटे, बाई देवाचे नाव घेते आहे.

मळ्याचा जीव विहिरीत होता, आणि विहिरीचा जीव चांद्या नावाच्या बैलात. विहिरीच्या काठापासून उतरत जाणाऱ्या मोटेच्या वाटेला धाव म्हणतात. बैलजोडी धावेवरून खाली उतरली, की जाड दोराला, म्हणजे नाड्याला, बांधलेली चामड्याची मोट भरून वर येते आणि काठावरच्या हौदात, थारोळ्यात, रिकामी होते. मग जोडीला तसेच पाठमोरे, मागे मागे चालत विहिरीच्या काठापर्यंत वर यावे लागते. या मागच्या चालीत बैलाला विहीर दिसत नाही. तो मोट हाकणाऱ्याच्या आवाजावर भरवसा ठेवतो. माणिकबाईचे यजमान नत्थुजी मोटेवर एक गाणे म्हणत. त्यात बारा पावले मावत, आणि शेवटच्या ओळीला चांद्या काठाच्या वीतभर अलीकडे अचूक थांबे. पुढे दोन्ही डोळ्यांत फूल पडून तो आंधळा झाला, तरी कुणाला त्याची भीती वाटली नाही. तो गाण्यावर चालत होता. डोळ्यांची गरज त्याला पूर्वीही फारशी पडली नव्हती.

१८६४ सालच्या भाद्रपदात नत्थुजी तीन दिवसांच्या तापाने गेले. त्या घराण्याचा एक जुना नियम होता: कर्ता पुरुष गेला, तर वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याच्या विहिरीवर गाणे म्हणायचे नाही. नियम कुणी घातला हे कुणाला ठाऊक नव्हते, पण तो मोडल्याचेही कुणाला आठवत नव्हते. मोट आता धाकटा दीर गोवर्धन हाकू लागला. तो मुकाट्याने हाके. जोडीतला राघ्या डोळस होता. तो आपला उतरे, चढे. चांद्या मात्र प्रत्येक पावलाआधी कान फिरवी, वाट बघे, आणि काहीच ऐकू आले नाही, की अंगावर शहारा आल्यासारखा थरथरे. दिवाळीनंतर एके सकाळी त्याचा मागचा पाय काठावरून घसरला. एक दगड सुटून विहिरीत पडला. त्याचा आवाज खालून उशिरा आला, आणि तेवढ्या वेळात माणिकबाईच्या हातातली पानांची टोपली जमिनीवर सांडली होती.

"वैनी, आता बास झालं," गोवर्धन घाम पुसत म्हणाला. "एक दिवस हा राघ्यालेबी घेऊन जाईन विहिरीत, अन् मले बी. इकून टाकू."

"कोन घेईन आंधळा बैल?"

"सध्या कोनीबी घेते. अमरावतीचे हेडी गावोगाव हिंडून राहिले. कापसाच्या गाड्यांले बैल पुरत नाईत."

हे खरे होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, आणि तिथला कापूस अडल्यामुळे सारा वऱ्हाड पांढऱ्या बोंडाच्या मागे लागला होता. गुरांचा व्यापार करणारे हेडी चालता पाय दिसला, की दोर टाकत. त्या गाड्यांना जुंपलेले बैल किती परत येत, हे विचारण्याची पद्धत नव्हती. गोवर्धन दुष्ट नव्हता. त्याच्या बोलण्यात भीती होती, आणि ती रास्त होती. माणिकबाईला हे कळत होते. नत्थुजींचे धोतर दान झाले होते, त्यांची काठी कोपऱ्यात उभी होती. पण त्यांचा आवाज आता केवळ या जनावराच्या पायांत उरला होता. तो विकायचा कसा, हे तिला दिराला समजावता येत नव्हते. तिने होळीपर्यंत मुदत मागितली. गोवर्धनने ती दिली, आणि होळीच्या सुमारास येण्याचा निरोप भगवंत नावाच्या हेड्याला धाडून दिला.

त्याच हिवाळ्यात एक टोपीवाला अंजनगावात येऊन राहिला. त्याचे नाव आन्सेल्मो. गाव त्याला अन्सेलसाहेब म्हणे. तो इंग्रज नव्हता. स्पेन नावाच्या मुलखातल्या एका बंदरातील गिरणीसाठी तो कापूस बघायला आला होता, आणि पौषात तापाने पडला. अंगात कणकण असली, की त्याला ऊन सोसेना. कुणीतरी त्याला मळ्याची सावली सांगितली. पहिल्या दिवशी तो चपट्या दगडापाशी थांबला, तिथले जोडे पाहिले, आणि कुणी काही न सांगता खाली बसून आपले लांब बूट ओढून काढू लागला. बूट निघता निघेनात. माणिकबाई आतून पाहत होती. पांढऱ्या पायांचा तो माणूस वेलींखाली आला तेव्हा तिने त्याला घोंगडी टाकून दिली. त्यानंतर तो रोज दुपारी येऊ लागला.

त्याच्याजवळ एक वही होती. मुंबईत शिकलेली मोडकी हिंदुस्थानी त्याला येत होती. आता त्याला इथली बोली हवी होती. शब्द तो क्रमाने गोळा करी: मी काय करतो, तू काय करतोस, तो काय करतो, आणि मग अनेकजण. एके दुपारी त्याने वहीच्या पानावर दोन बोटांचे पाय केले आणि ते चालवत पानाच्या कडेपलीकडे नेले.

"बाई, मैं इधर से उधर... तब मैं क्या बोलता?"

माणिकबाईने त्या निघून जाणाऱ्या बोटांकडे पाहिले. घरातून निघणारा माणूस जे म्हणतो, तेच तिने सांगितले. "येतो."

"येतो. और तू?"

"मी येतो, तू येतं, थो येते," ती हसत म्हणाली. "आमी येतो, तुमी येता, थे येतात. लिवा."

मुंबईच्या मुन्शीने बायकांसाठी वेगळे रूप सांगितले होते. ही बाई स्वतःसाठीही 'येतो'च म्हणते, हे ऐकून साहेबाने मान वर केली. पण वऱ्हाडात तसेच बोलतात. त्याने लिहून घेतले आणि शेजारी आपल्या भाषेतले सहा शब्द मांडले. मग, कदाचित ताप चढत असल्यामुळे, त्याने डोळे मिटले आणि फार वर्षांपूर्वी कुठल्यातरी बाकावर बसून म्हटले असतील तसे ते शब्द हेल काढून म्हटले:

"बोय, बास, बा... बामोस, बाइस, बान."

मोटेवरून सोडून विहिरीजवळ बांधलेला चांद्या रवंथ करता करता थांबला. त्याचे कान वळले. साहेबाने पुन्हा म्हटले, आणि बैलाने आपल्या जागीच एक पाय उचलून खाली ठेवला, मग दुसरा. माणिकबाईच्या हातातले पान तसेच राहिले.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "फिरून म्हना."

साहेबाने त्या दुपारी ते सहा शब्द किती वेळा म्हटले याची गणती नाही. त्याला वाटले, या बाईला विद्येची आवड आहे.

पुढचा महिना माणिकबाईच्या आयुष्यातला सर्वांत विचित्र आणि बहुधा सर्वांत हलका महिना होता. सकाळी धाव दवाने ओली असे आणि पांगाऱ्याला लाल फुले येऊ लागली होती. ती चांद्याचे शिंग धरून धावेवर उभी राही आणि शब्द म्हणे, एकेका शब्दाला दोन पावले. 'बोय'ला बैल निघे. 'बामोस' जरा लांब होता, त्यात तो पाय लांबवी. पाठमोरे येताना 'बान' हा शब्द ती ओठ मिटून रेंगाळत ठेवी, आणि तो सूर संपण्याच्या आत चांद्या थांबे. कधी कधी तिला वाटे, हे शब्द त्या दूरच्या बंदरावरून नव्हे, विहिरीतूनच वर येत आहेत. मोटेतून कुणीतरी ते भरून पाठवतो आहे. अर्थ तिला माहीत होता. मी येतो, तू येतोस, तो येतो. येणाऱ्यांची ती एक रांगच होती, आणि त्या रांगेत कोण कोण असावे याचा विचार करताना तिचे मन भरून येई.

गोवर्धनने पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो नाडा सोडूनच उभा राहिला.

"वैनी! सालभर गानं नाई म्हंतलं ना?"

"हे गानं नाई, भाऊजी."

"मंग काय हाये?"

"धडा हाये. साहेबाच्या मुलखात शाळेत म्हन्तात."

गोवर्धनने बायकोकडे पाहिले. कौशल्या पाटाशी भांडी घासत होती. जावेची बाजू घ्यायची आणि नवऱ्याला चिमटा काढायचा, या दोन्ही संधी एकत्र आल्या, की तिला वेळ लागत नसे.

"गान्यात माय, बाप, सासर, कायतरी असते," ती म्हणाली. "यात हाये का? बास म्हन्ते अन् थांबत तं नाईच! असं कुठं गानं असते काय बापा?"

"तुले लय समजते गान्यातलं."

"तुमचं आयकूनच समजलं. नसलेलं बरं."

गोवर्धन हसला आणि हरला. पण जाताना म्हणाला, "होळीले भगवंत येऊन राहिला. हे ध्यानात असू द्या, वैनी."

साहेब अकोल्याला गेला होता. तिथून गाड्या रवाना करून फाल्गुनात तो परतला तो हसतच. बूट दगडापाशी टाकून त्याने वही उघडली. अकोल्याच्या एका बाजारात त्याने निघताना, ज्याच्या दारी जन्मभर फिरकायचे नाही अशा एका लबाड आडत्याला, वहीतला शब्द वापरून ठणकावून सांगितले होते: 'मी येतो.' आडत्याने त्याच्यासाठी दोन दिवस जेवण रांधून ठेवले. शेवटी एका कारकुनाने चूक समजावली होती.

"बाई, येतो ये उल्टा है. मेरा लफ्ज... जातो. बोय याने जातो. बान याने जातात, सब जातात."

साहेब अजून हसत होता. माणिकबाईच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र गेले. निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. म्हटले, तर ऐकणारा त्याला थांबवून शब्द फिरवायला लावतो. नत्थुजींनी तिसऱ्या दिवशी ग्लानीत तोच शब्द उच्चारला होता. तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता, 'येतो म्हना, येतो म्हना' असे विनवले होते, आणि त्यांनी ते म्हटले नव्हते. आणि आता महिनाभर, दुखवट्याचे वर्ष पाळणाऱ्या त्या विहिरीवर, ती स्वतःच सकाळ संध्याकाळ त्या शब्दाची माळ ओढत होती. मी जातो, तू जातोस, तो जातो. तिने साहेबाला पाणी दिले, आणि वेलींच्या आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंत हेडी आला. त्याने जोडे काढले, चांद्याचे दात पाहिले, खांद्यावर थाप मारली, डोळ्यांपुढे बोटे नाचवली आणि मान हलवली.

"डोये गेले याचे. पन बांधा चांगला हाये. जोडीत चालन. चालवून दाखवा."

गोवर्धनने जोडी धावेवर आणली. राघ्या निघाला, नाडा ताणला गेला, चांद्या हलला नाही. त्याचे कान माणिकबाईकडे लागले होते. ती धावेच्या कडेला उभी होती, पदर तोंडाशी धरून. शब्द तिच्या ओठांपर्यंत येत होते आणि तिथेच थबकत होते. न बोलावे, तर बैल अडेल, मार खाईल आणि मोटेच्या कामाचा नाही म्हणून विकला जाईल. बोलावे, तर तो शब्द तिच्याच तोंडून या विहिरीला पुन्हा ऐकवावा लागेल. भगवंतने आसूड वाजवला. चांद्या थरथरला, पण पाय उचलला नाही. दुसऱ्यांदा आसूड त्याच्या पाठीवर पडला. तेवढ्यात राघ्याच्या ओढीने जराशी उचललेली भरली मोट, नाडा ढिला पडून, पुन्हा विहिरीत उतरत गेली, आणि माणिकबाईने ती उतरताना पाहिली.

तिने हे हजारदा पाहिले होते. बैल काठापासून जातो, दूर दूर जातो, आणि तो गेला, तरच पाणी येते. तो काठाशीच उभा राहिला, तर मोट तळाशी राहते. एवढी साधी गोष्ट, पण ती तिला जणू कुणीतरी खालून हाक मारून सांगितली.

"बोय," माणिकबाई म्हणाली.

चांद्या निघाला. बास, बा. आसूड भगवंतच्या हातात लोंबत राहिला. बामोस, बाइस, बान. मोट वर आली, थारोळ्यात पाणी कोसळले. पाठमोऱ्या चालीला तिने शब्द अधिक सावकाश म्हटले, आणि काठाच्या वीतभर अलीकडे आंधळा बैल असा थांबला, की जणू तिथे कुणी रेघ ओढली होती.

"वा!" भगवंत म्हणाला. "मी तं घेतलाच समजा! आता मले म्हनू द्या. काय म्हन्ते हे, बोय?"

त्याने म्हटले. चांद्याने कान झाडले. भगवंतने मोठ्याने म्हटले, हेल काढून म्हटले, शिव्या घालून म्हटले. बैल धावेवर चिंचेच्या झाडासारखा उभा होता. माणिकबाईने महिनाभर काय केले होते ते तेव्हा तिच्या स्वतःच्याच ध्यानात आले. बैल धीट आहे, कामाचा आहे, हे गोवर्धनला दाखवण्यासाठी तिने शब्द शिकवले होते. आणि शिकवता शिकवता तिने त्याला जगातल्या इतर प्रत्येक माणसासाठी निरुपयोगी करून ठेवले होते.

"कोनती भाषा हाये हे?" भगवंतने विचारले.

"स्पेन," कौशल्याने मागून सांगितले, जणू ते दर्यापूरच्या पुढचे गाव होते.

भगवंतने आसूड गुंडाळला. "गोवर्धनभाऊ, बैल नेला, तं त्याच्यासंगं तुह्या वैनीलेबी गाडीवर बसवून मुंबईपावतर न्या लागन. मले नाई परवडत बापा. ठेवा तुमचं स्पेन तुमच्यापाशीच."

त्या संध्याकाळी गोवर्धनने चांद्याच्या पाठीवरच्या वळाला हळद लावली, आणि विषय पुन्हा निघाला नाही.

वैशाखात साहेबाला पत्र आले. अमेरिकेतली लढाई संपली होती. कापसाच्या गाड्या रस्त्यातच थांबल्या, आणि जे लोक पळत होते ते एकाएकी उभे राहून इकडेतिकडे पाहू लागले. साहेब निरोप घ्यायला आला, तेव्हा त्याने बूट हातात घेतले होते. घालून आत येणे त्याला आता जमले नसते, आणि काढून ठेवण्याइतका वेळ नव्हता. दगडापाशी उभा राहून त्याने शब्द शोधला. वहीत आता 'येतो' आणि 'जातो' दोन्ही लिहिलेले होते.

"माणिकबाई," तो म्हणाला, "येतो."

दोघांनाही ठाऊक होते, की तो येणार नाही. माणिकबाईने त्याला मोठ्या पानांचा एक विडा दिला आणि मान हलवली. "या, साहेब."

भाद्रपदात नत्थुजींचे वर्षश्राद्ध झाले. दुसऱ्या सकाळी गोवर्धन अंघोळ करून मोटेवर बसला, घसा साफ केला, आणि वर्षानंतर प्रथमच त्या विहिरीवर भावाचे गाणे म्हटले. त्याचा आवाज नत्थुजींसारखा नव्हता. वरच्या स्वराला तो फाटे. चांद्याने मान उंचावली. त्याच्या पांढुरक्या डोळ्यांवर सकाळ पडली होती. गाणे त्याने ओळखले, हे त्याच्या कातडीवरून धावलेल्या लहरीवरून कळत होते. पण तो निघेना. अंगात दोन वाटा उघडल्यासारखा तो उभा राहिला. गोवर्धन पहिल्या ओळीवर परत आला. तेव्हा माणिकबाईने, पानाची घडी घालावी तसा अलगद, त्या ओळीत आपला शब्द ठेवला.

"बोय."

बैल निघाला. गाणे वरून चालले आणि शब्द खालून, एकेका शब्दाला दोन पावले, आणि दोन्ही एकदमच धावेच्या टोकाशी पोचले. चांद्या त्यानंतर पाच उन्हाळे त्या विहिरीवर चालला, आणि मोट त्या काळात कधीच नुसत्या गाण्यावर किंवा नुसत्या शब्दांवर चालली नाही.

त्या पहिल्या सकाळी कुंपणापलीकडच्या रस्त्याने एक रिकामी गाडी चालली होती. गाडीवानाने बैल थांबवून कान दिला.

"काय गानं हाये वं हे, बाई?" त्याने पाटाशी बसलेल्या कौशल्याला विचारले.

"गानं नाई. धडा हाये."

"कायचा?"

कौशल्याने विहिरीकडे पाहिले. मोट काठावर येऊन कलंडत होती.

"पान्याले बलावायचा," ती म्हणाली, आणि पाट ओसंडू नये म्हणून मातीचा बांध पायाने मोकळा केला.